केनियन पद्धत

कॅरल व्हिटकॉमचा फोन आला तेव्हा वॉल्टर ब्रंक आमच्या स्वयंपाकघरात बसून आल्याचा चहा पीत होता. माझ्या बायकोचे, शरयूचे, हात कणकेत होते. तिने कोपराने स्पीकरचं बटण दाबलं आणि कॅरलचा आवाज घरभर झाला.

“तुम्ही लोक ती चपाती करता ना?” कॅरलने विचारलं. “मग आमची मोठी काळजी मिटली.”

कॅरल आमच्या वेल्सबरी गावातल्या शाळेच्या पालक मंडळाची अध्यक्ष. वेल्सबरी म्हणजे ओहायोमधला एक टायरचा कारखाना, त्याच्या भोवती बसलेली वस्ती आणि वस्तीच्या टोकाला पाण्याची टाकी असलेली टेकडी. मी त्या कारखान्यात इंजिनिअर होतो आणि माझा मुलगा मिहिर शाळेच्या लांब पल्ल्याच्या संघात पळायचा. पळायचा म्हणजे संघाचा पोशाख घालायचा. बाकीचा संघही त्याला शोभेल असाच होता. बरीच वर्षं तो जिल्ह्यात नेमाने शेवटचा येत होता. म्हणून मंडळाने केक विकून आणि मोटारी धुऊन वर्गणी जमवली, आणि थेट केनियाहून एक प्रशिक्षक तीन आठवड्यांसाठी बोलावला. तो राहणार कुठे, एवढाच प्रश्न उरला होता. कॅरलच्या घरी कुत्रा होता आणि खजिनदाराच्या घरी नवा गालिचा.

“शेवटी तुमच्याच बाजूचा माणूस तो,” कॅरल म्हणाली. सांगली आणि केनिया यांच्यामध्ये एक अख्खा समुद्र आहे, हे तिला सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. शरयूने डोळे वटारले, म्हणून राहिलं.

“त्यांचं गुपित एकदा कळलं की झालं,” कॅरल पुढे बोलतच होती. “जुनाट पद्धतीत आपण किती वर्षं घालवली. बिचारा ब्रंक मनाने चांगला होता, पण त्याला शास्त्र कुठे ठाऊक होतं?”

शरयू बटणाकडे झेपावली. वॉल्टरने हात वर करून तिला थांबवलं, कॅरलचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन बंद झाल्यावर मला एकच गोष्ट विचारली.

“तो माणूस पोरांना टेकडीवर नेईल का रे?”

वॉल्टर वयाने माझ्या वडिलांच्या जवळपास, पण पहिल्याच भेटीत त्याने मला ‘मिस्टर’ म्हणायची बंदी केली, तेव्हापासून आमचं अरेतुरे. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी पोरांना पळवायचा. मी चौऱ्याहत्तर साली या गावात आलो त्या संध्याकाळी अर्ध्या चड्डीतली दहाबारा माणसं रस्त्याने जिवाच्या आकांताने पळत आली, तेव्हा यांच्यामागे कोण लागलंय म्हणून मी वळून पाहिलं होतं. मागून फक्त वॉल्टर येत होता, सायकलवर.

तेव्हा हा सगळा देशच पळत होता. दोन वर्षांपूर्वी म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये एका अमेरिकन माणसाने मॅरेथॉन जिंकली होती आणि लोक बुटांच्या नाड्या बांधून रस्त्यावर आले होते. वॉल्टरची पोरं त्यातली पट्टीची. त्यातला एक पोस्टमन झाला होता, एक आमच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. मोठ्या मॅरेथॉनमध्ये अकरावा, चौदावा नंबर काढायचे आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे. तसं आज कुणी पळालं तर मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो येईल. तेव्हा कारखान्याच्या फळ्यावरही नाव लागत नसे, कारण तसे पळणारे गावात आणखी चार होते.

वॉल्टरची पद्धत म्हणजे टेकडी. रोज, बर्फ असो की ऊन असो, पोरांनी पळत वर टाकीपाशी जायचं आणि पळत खाली यायचं. घड्याळ घालायचं नाही. आणि त्याचा एक रिवाज होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. सगळ्यात शेवटी जो वर पोचेल, त्याने ठरवायचं की अजून एकदा चढायचं की घरी जायचं. बाकीचे सगळे धापा टाकत त्याच्या तोंडाकडे बघत उभे असत. घरी जाऊ या म्हणायची सोय त्याला होती, पण म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. शेवटचं पोरगं लालभडक तोंडाने म्हणायचं, ‘अजून एकदा,’ आणि पहिला आलेला मनातल्या मनात शिव्या घालत त्याच्यामागून पळायचा.

मग हे सगळं ओसरलं. का ओसरलं, याची कारणं ज्याला विचाराल तो वेगवेगळी सांगतो. वॉल्टरची पोरं पन्नाशीकडे झुकली आणि त्यांच्यामागून कुणी आलं नाही. गंमत अशी की पळणारे वाढले आणि पळणं कमी झालं. पूर्वी गावच्या शर्यतीत शंभर माणसं असत आणि अर्धी तरी शेवटी गवतावर आडवी पडत. आता हजार येऊ लागली, हसत येऊ लागली, आणि येईल त्याच्या गळ्यात पदक पडू लागलं. जिंकायला मात्र केनियाची मुलं येत. कॉलेजांनी शिष्यवृत्त्या देऊन आणलेली. ती पुढे निघून जात आणि आमची मंडळी मागून गप्पा मारत येत. पुढे एका ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला या एवढ्या थोरल्या देशातून एकच पुरुष गेला. पण ते नंतरचं.

वॉल्टरची गच्छंती झाली ती कॅरलच्या थोरल्या मुलामुळे. त्याने टेकडीवरून उतरल्यावर तिच्या कोऱ्या गाडीत ओकारी केली. सभा भरली. वाढत्या हाडांबद्दल एक डॉक्टर बोलले. शेवटच्या मुलाला सगळ्यांसमोर निर्णय घ्यायला लावणं हा मानसिक छळ आहे, असं एक बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. त्याच महिन्यात वॉल्टरला मानपत्र देऊन निरोप दिला. निरोपाला बुटाच्या आकाराचा केक होता. वॉल्टरने तो स्वतः कापला आणि डॉक्टरांना टाचेचा मोठा तुकडा दिला. नंतर आलेल्या तरुण प्रशिक्षकाने मुलांच्या छातीला पट्टे बांधून ठोके मोजले. मुलांची हृदयं उत्तम निघाली, फक्त नंबर शेवटचा आला.

त्या वर्षापासून वॉल्टर रोज संध्याकाळी टेकडीखाली जाऊन उभा राहायचा आणि कुणी नाही हे बघून आमच्याकडे चहाला यायचा. बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्याला आणखी एकदा पोरं त्या टेकडीवर चढताना बघायची होती. बाकी कशाबद्दल त्याने माझ्याजवळ कधी हट्ट धरला नाही.

इझिकिएल कोरिर विमानतळावर उतरले तेव्हा स्वागताला आलेल्या पालकांचे चेहरे पडले. हरणासारखा कुणी येईल असं त्यांना वाटलं होतं. आले ते बुटके, पोट सुटलेले, कोटटाय घातलेले, चष्म्यावरून बघणारे एका खेड्यातल्या शाळेचे हेडमास्तर. शरयूने त्यांना पाहताक्षणी मास्तर करून टाकलं. जेवायला बसल्यावर त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, आमच्याकडेही याला चपातीच म्हणतात असं सांगितलं, आणि चौथी मागून घेतली. शरयूला त्यांनी तिथेच जिंकलं.

जेवण झाल्यावर मास्तर मला म्हणाले, उजेड आहे तोवर पाण्याच्या टाकीची टेकडी दाखवा. टाकीबद्दल यांना कुणी सांगितलं असेल, हे काही मला कळेना. मी त्यांना घेऊन गेलो. पायथ्याशी उभे राहून त्यांनी खालून वर, वरून खाली नीट पाहिलं.

“लहान आहे,” ते म्हणाले. “आमची वेल्सबरी हिच्या दुप्पट आहे.”

“तुमची वेल्सबरी?”

“आमच्या शाळेमागची टेकडी. तिला पोरं वेल्सबरीच म्हणतात. मी शाळेत होतो तेव्हा सरकारी स्वयंसेवक म्हणून एक अमेरिकन तरुण आम्हाला गणित शिकवायला आला होता, ग्लेन हटन. पळायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, ते आमचं आहे. पण रोज टेकडी, आणि शेवटच्याने ठरवायचं अजून एकदा की घरी, हे ग्लेनचं. तो गेला आणि टेकडीचं नाव राहिलं. तुमच्या मंडळाच्या बाईंचं पत्र आलं, त्यावर गावाचं नाव वाचलं आणि मी लगेच हो म्हटलं. मला ही बघायची होती.” मग त्यांनी आवाज थोडा खाली आणला. “ब्रंक नावाचे कुणी होऊन गेले का हो इथे? आमच्याकडे पोरगं टंगळमंगळ करायला लागलं की आम्ही अजून सांगतो, ब्रंक बघतोय.”

“होऊन गेले नाहीत,” मी म्हटलं. “माझ्या स्वयंपाकघरात बसले असतील. चहाची वेळ आहे.”

खरोखरच बसला होता. मास्तरांनी दारातच कोटाची बटणं लावली, पुढे होऊन वॉल्टरचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. वॉल्टरला काही समजेना. मी सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसला.

“ग्लेन हटन? तो माझा सगळ्यात हळू पोरगा होता. चार वर्षांत एकदासुद्धा कुणाच्या पुढे वर पोचला नाही.” त्याने कप बशीत ठेवला. “रोज तोच ठरवायचा. रोज म्हणायचा, अजून एकदा.” मग तो उठून खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. शरयूने त्याचा गार झालेला चहा उचलून न्यायला घेतला आणि तसाच परत ठेवला.

मला तर उकळ्या फुटत होत्या. उद्याच मंडळाला बोलावू, मास्तर सगळं सांगतील, कॅरलचं तोंड बघण्यासारखं होईल, असा बेत मी उभ्या उभ्या रचला. मास्तरही तयार होते. वॉल्टर वळला आणि त्याने साफ नकार दिला.

“माझं नाव निघालं तर सोमवारपासून एकही पोरगं टेकडीवर दिसणार नाही. केनियाची म्हणून करतायत तर करू देत.”

“मी खोटं बोलून जाणार नाही,” मास्तर म्हणाले.

“जाताना बोला. तोवर पोरांच्या पायांना सवय होईल.”

पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती. पीक समुद्रापलीकडे पाठवून, तिथला शिक्का मारून परत आणलं की त्याच बाजारात त्याच पेठेत हातोहात खपतं, हे मात्र मी वेल्सबरीत डोळ्यांनी पाहिलं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मुलांची घड्याळं काढून घेतली. पालक एकमेकांना म्हणाले, बघा, निसर्गाच्या लयीवर जगणारी माणसं. पावसात टेकडी चढवली, तेव्हा ते म्हणाले की आपण मुलांना फार जपतो, हीच चूक. शेवटच्या मुलाने ठरवायचं, हे कळलं तेव्हा तर कॅरलने लेखणीच उचलली. आफ्रिकेत शेवटच्यालाही किती मान असतो, हे आपण शिकायला हवं, असं तिने शाळेच्या वार्तापत्रात लिहिलं. वाढत्या हाडांचे डॉक्टर स्वतः पायथ्याशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. गावातल्या किराणा दुकानात मक्याचं पीठ मिळेनासं झालं, कारण केनियन धावपटू मक्याचा घट्ट सांजा खातात असं कुणीतरी वाचलं होतं. तीन कुटुंबांनी मुलांना अनवाणी पळवलं आणि मास्तरांनी त्यांना घरी पाठवून बूट घालून यायला सांगितलं.

पहिल्या आठवड्यात टाकीपाशी शेवटी पोचायचा तो आमचा मिहिर. घरी येऊन जिन्यावर बसून राहायचा. त्याचे पाय चेपताना शरयू मास्तरांवर चिडायची आणि लगेच पुढची पोळी त्यांच्याच ताटात वाढायची. वॉल्टर पायथ्यापासून जरा दूर आपली गाडी उभी करून आत बसलेला असे. मास्तर खाली उतरताना त्या गाडीकडे बघत. गाडीतून मान हलली तर पुढचं सुरू व्हायचं. या दोघांचं असं रोज चाललं होतं आणि भर उजेडात चाललं होतं, पण केनियन प्रशिक्षकाकडे बघणाऱ्या गावाला जुन्या गाडीकडे बघायला सवड नव्हती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जिल्ह्याची शर्यत झाली आणि संघ शेवटून चौथा आला. गावाने असा जल्लोष केला की बाहेरच्या कुणाला वाटलं असतं, पहिलाच नंबर आलाय. शाळेच्या सभागृहात निरोपसमारंभ ठेवला. सभागृह गच्च भरलं होतं. मी वॉल्टरला ओढतच नेलं आणि आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. मास्तर बोलायला उभे राहिले तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो.

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ग्लेन हटनचं नाव घेतलं, आपल्या शाळेमागच्या टेकडीचं नाव सांगितलं, आणि म्हणाले, “मी तुम्हाला काहीही नवीन दिलेलं नाही. तुमचं होतं ते परत आणून दिलं. ज्यांचं आहे ते मिस्टर ब्रंक मागे बसले आहेत. तुमच्याकडे ते असताना तुम्ही मला का बोलावलंत, हे मला अजून समजलेलं नाही.”

माझ्या मनात आलं, झालं, फिटले वॉल्टरचे पांग. मग कॅरल उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. तिच्यामागोमाग सगळं सभागृह उठलं. बायका डोळे पुसत होत्या. माझ्यापुढच्या रांगेतले ते डॉक्टर आपल्या बायकोला म्हणाले, “याला म्हणतात नम्रता. श्रेयसुद्धा आपल्या म्हाताऱ्या ब्रंकला देऊन टाकलं. आपल्याकडे असं कोण करेल?”

मास्तर व्यासपीठावर हात वर करून आणखी काही सांगू बघत होते. जितकं सांगत तितक्या टाळ्या वाढत. शेवटी ते खाली बसले आणि चष्मा पुसू लागले. मला इतका राग आला होता की कुणाचं तरी मानगूट धरावंसं वाटत होतं. मी वॉल्टरकडे बघितलं. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय असं वाटून मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं ते खरं, पण हसत होता.

टाळ्या थांबल्यावर कॅरलने जाहीर केलं की हे काम आता पुढे न्यायचं आहे, साहाय्यक प्रशिक्षकाची जागा भरायची आहे, आणि केनियन पद्धतीचा एक आठवड्याचा वर्ग कोलंबस शहरात भरतो, तो पूर्ण केलेला माणूस हवा. कुणाची तयारी आहे का, असं तिने विचारलं. कुणी हलेना.

वॉल्टरने हात वर केला.

मी त्याची बाही धरून तो खाली ओढला. “अरे, काही लाज आहे की नाही तुला? तुझंच तुला शिकवणार ते!”

“शिकू दे की,” तो म्हणाला आणि दुसरा हात वर केला.

तो खरोखर कोलंबसला गेला. तिशीतल्या एका उत्साही माणसाने पडद्यावर चित्रं दाखवून त्याला टेकडी कशी चढायची ते शिकवलं. हा सगळ्यांबरोबर खाली मान घालून टिपणं घेत बसला, आणि दोन प्रश्नही विचारले म्हणे. प्रमाणपत्र घेऊन परत आला. मंडळाने त्याला पाठीवर ‘केनियन पद्धत’ छापलेला हिरवा सदरा दिला. हा भूगोलाचा मास्तर, चाळीस वर्षं या टेकडीवर काढलेला माणूस, तो सदरा घालून दुसऱ्या दिवशी पायथ्याशी जाऊन उभा राहिला. मी कारखान्यातून येताना गाडी थांबवून पाहिलं. पोरं टाकीच्या दिशेने चढत होती आणि म्हातारा खिशात हात घालून बघत उभा होता. मला त्याचा हेवा वाटला आणि त्याच वेळी त्याच्यासाठी वाईटही वाटलं.

मिहिर त्या संध्याकाळी घरी आला तो फणफणतच. बूट दारात भिरकावले.

“बाबा, मिस्टर ब्रंक माणूस चांगला आहे,” तो म्हणाला, “पण त्याला खरी केनियन पद्धत येत नाही. मास्तरांसारखं त्याला जमतच नाही. तो आपला नुसता पळवतो.”

शरयू माझ्याकडे बघायला लागली. खरं काय ते सांगितलं असतं तर मिहिरला वाटलं असतं, बाबा शेजाऱ्याची बाजू घेतोय. त्याच्या ताटात पोळी वाढून मी बाहेर पडलो आणि रस्ता ओलांडून वॉल्टरकडे गेलो. तो पायरीवर बसून बुटातला चिखल काढत होता, अंगात तो हिरवा सदरा तसाच. सांगावं की नाही, असं मला झालं होतं. पण हा राग एकट्याने पोटात ठेवणं मला जमेना, म्हणून मिहिरचे शब्द होते तसे सांगून टाकले.

वॉल्टरने चिखल काढायचं थांबवलं नाही.

“हे बोलताना त्याला धाप लागली होती का?” त्याने विचारलं.

“लागली होती. अजून लागलीय.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला आणि दुसरा बूट हातात घेतला.